गुरूविना यंत्रसंगीत : तुमचे अनुभव

मुंबईचे चरणजित सिंग हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत गिटार वाजवत आणि लग्नसमारंभांत स्वतःचा वाद्यवृंद घेऊन जात. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेका वाजवणारे आणि टीबी-३०३ हे खर्जातल्या स्वरांचे तुकडे वाजवणारे, अशी रोलँड या जपानी कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रे हाती आल्यावर, ती शिकवणारे आसपास कोणी नसताना, त्यांनी घरीच खटपट करून ती जुळवली आणि १९८२ साली भैरवी, ललत, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून ध्वनिमुद्रिका काढली. ती फारशी कोणी ऐकली नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा शिकागोत १९८७ च्या सुमारास गाजलेल्या ‘ॲसिड हाउस’ या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या प्रकाराशी तिचे साम्य पाहून लोक चकित झाले. २०१५ साली निधन होण्यापूर्वी युरोपातल्या मंचांवर त्यांनी ती पुन्हा वाजवलीही. तो प्रकार त्यांनीच शोधला, हा दावा मात्र मला ताणलेला वाटतो. अशी यंत्रे ज्यांनी स्वतःच्या हिमतीवर हाताळली, त्यांनी इथे लिहावे.

जुना कीबोर्डवाला
१९९४ साली आमच्या ऑर्केस्ट्रात जुना कीबोर्ड आला, पण त्याची माहितीपुस्तिका आली नाही, त्यामुळे एकेक बटण दाबून काय होते ते मी वहीत टिपून ठेवत असे. एका गणेशोत्सवात ऐन कार्यक्रमात सगळी पट्टी वर-खाली सरकवणाऱ्या ट्रान्सपोजच्या बटणाला बोट लागले आणि पुढचे गाणे मी माझ्या नकळत अर्धा स्वर वर सुरू केले. गायकाने दोन ओळी कशाबशा ओढल्या, मग माइक बाजूला धरून माझ्याकडे जे पाहिले ते अजून आठवते. त्या बटणावर मी दुसऱ्या दिवशी चिकटपट्टी लावली.

रात्रपाळी
खरे टीबी-३०३ मला परवडणारे नाही, म्हणून त्याची नक्कल करणारे छोटे यंत्र घेतले. त्यात आधी फक्त स्वर एकामागून एक भरायचे आणि नंतर वेगळ्या खेपेला त्यांचा काळ सांगायचा, हे कळेपर्यंत माझे दोन आठवडे गेले. चूक झाली की भलताच, पण कधीकधी अधिक चांगला तुकडा तयार होतो, आणि तोच मी ठेवतो. त्याचे सोळा टप्पे तीनतालाच्या सोळा मात्रांसारखे मोजायला लागल्यापासून सम हुकत नाही.

काळी दोन
मी गाणे शिकते, यंत्रे वाजवत नाही, तरीही लिहिते. सिंगांचा ललत प्रथम ऐकला तेव्हा चिडले होते, कारण दोन्ही मध्यमांभोवती जे घुटमळणे हवे ते ठेक्याच्या घाईत सापडेना, आणि कोमल ऋषभ तर हार्मोनियमच्या पट्टीवरचाच. परंतु हेडफोन लावून पुन्हा ऐकताना लक्षात आले, की ३०३ एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरते तेव्हा मींडेचा, म्हणजे गळ्याने न तुटता स्वरावरून स्वरावर जाण्याचा, भास होतो. ती मींड नव्हे. प्रत्येक वेळी घसरायला लागणारा वेळ तोच असतो, गळा असे करत नाही. भैरवी मात्र आता मी पूर्ण ऐकते.

जुना कीबोर्डवाला
काळी दोन, माझ्या कीबोर्डला पिच बेंडचे, म्हणजे वाजता स्वर वर-खाली वाकवण्याचे, चाक होते. त्यावर मींड काढायला मी वर्षभर धडपडलो, आणि शेवटी शहनाईच्या आवाजावर ती जराशी जमली.