‘जाता जाता एवढं करून द्या’ : फुकट कामाला सरळ नाही म्हणावं का?

झिरीवाला
पुण्यात कोथरूड-वारजे भागात घरगुती वायरिंगची कामं घेतो. दोन हेल्पर कायमचे, तिसरा लागेल तसा. गेल्या महिन्यात एक टू बीएचके केला. 74 पॉइंट (दिवा, पंखा, प्लग अशी एकेक जोडणी) ठरले, पॉइंटमागे 350 मजुरी, माल पार्टीचा. काम निम्म्यावर आलं आणि वहिनींनी बेडची दिशा बदलली. पुट्टी झालेल्या भिंतीत वायरसाठी पुन्हा झिरी, म्हणजे खाच मारा, जुना बॉक्स बुजवा, नवा बसवा. मग ‘जाता जाता’ बाल्कनीत एक दिवा, देवघरात एक, वॉशिंग मशीनला पॉवर पॉइंट. शेवटी मोजले तर 85. वरचे 11 म्हणजे 3850 रुपये. बिलात लावले, तर साहेब म्हणाले, "अहो भाऊ, एवढ्या कामात हे काय धरून बसलात? घरच्यासारखं केलंत ना!"

घरच्यासारखा चहा मिळाला, हे कबूल. पण हेल्परचा त्या दोन दिवसांचा 800 प्रमाणे रोज मीच दिला. तो काही चहावर भागवून घेत नाही.

आता ठरवतोय, एक पॉइंटसुद्धा फुकट नाही. चुकतंय का?

सांगलीकर प्लंबर
चुकतंय. बत्तीस वर्षं पाने फिरवतोय. एका म्हाताऱ्या आजींचा नळ रात्रभर ठिबकायचा. जाऊन वॉशर बदलला, पैसे घेतले नाहीत. चार वर्षांनी त्यांच्या मुलानं लॉज बांधलं, बारा खोल्या, सगळं प्लंबिंग माझ्याकडे. आवळा देऊन कोहळा काढायचा असतो. तुमच्या 3850 मध्ये पुढच्या सोसायटीचं काम अडकलेलं असेल, ते तुम्हाला आज दिसत नाही इतकंच.

अक्षरखेळ
काका, तुमचा आवळा तुम्ही स्वतःहून दिलात. आमच्याकडे तो आधीच मागतात. मी लोगो, पॅकेजिंग करते. दर दुसरा गिऱ्हाईक म्हणतो, "तीन नमुने दाखवा, आवडलं तर पैसे." एका मसालेवाल्याला दाखवले. ‘विचार करून कळवतो’ म्हणाला. दिवाळीत दुकानात त्याचं पाकीट पाहिलं, मिरचीचा देठ माझाच, फक्त हिरव्याचा पोपटी केलेला. आवळाही गेला, कोहळाही गेला.

लेखी हस्तांतर केलं नसेल तर अशा नमुन्याचा कॉपीराइट काढणाऱ्याकडेच राहतो, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून नमुन्याचेही पैसे आधी घेते. कामं कमी झाली, खोटं का बोला. पण रात्रीचे दोन वाजणं बंद झालं.

फ्लॅटवाली
मी दुसऱ्या बाजूची, घराचं काम करून घेतलेली. राग येईल, पण सांगते. आमचे मिस्त्री प्रत्येक वेळी "होऊन जाईल ताई" म्हणायचे. होऊन जाईल म्हणजे किती रुपयांत, हे कधी नाही. शेवटी बिल आलं ते ठरल्यापेक्षा बावीस हजारांनी जास्त. बाल्कनीच्या दिव्याला 350 पडतात हे तेव्हाच सांगितलं असतं, तर मी दिवाच नको म्हटलं असतं! गिऱ्हाइकाला फुकट हवं असतं हे खरं. पण मान डोलवून काम करायचं आणि महिनाभरानं आकडा काढायचा, हाही न्याय नव्हे.

झिरीवाला
ताई, तोंडावर 350 सांगितलं की लोक म्हणतात, "कंजूष आहे." तुमच्यासारखे शांतपणे ‘मग नको’ म्हणणारे थोडे.

कागद बोलतो
सीए आहे, अशा हिशोबांची भांडणं रोज बघतो. भारतीय करार अधिनियम, 1872 चं कलम 70 वाचा. फुकट करायचा इरादा नसताना रीतसर काम केलं आणि समोरच्यानं त्याचा लाभ घेतला, तर त्यानं भरपाई द्यायला हवी. म्हणजे ‘घरच्यासारखं’ हा कायद्यात बचाव नाही. अडचण इरादा दाखवण्याची. आधीचे दोन दिवे तुम्ही गप्प राहून लावले असतील, तर तिसऱ्याचा इरादा कसा सिद्ध करणार?

कंपन्यांची कामं घेत असाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून ठेवा. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार करारात काहीही लिहिलं तरी सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे 45 दिवसांपुढे लांबवता येत नाहीत. लांबवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. पण हे सगळं बिलातल्या रकमेवर. जे बिलात आलंच नाही, त्याचं व्याज कुठून आणणार?

म्हणून माझा सल्ला: फुकट द्यायचं तर बिलात लिहून द्या. ‘11 पॉइंट, 3850, सवलत 3850.’ जीएसटी असेल तरी बिलातच दाखवलेल्या सवलतीवर कर लागत नाही.

सांगलीकर प्लंबर
हा प्रयोग मी केलाय, साहेब. बिलात 1200 ची सूट लिहिली. गिऱ्हाईक म्हणालं, "म्हणजे 1200 आधी वाढवून लावले होते!" पुढच्या खेपेला आणखी 1200 कमी करायला सांगितले. उपकार तोंडानं केला की लक्षात राहतो, कागदावर उतरला की तो भाव होतो.

आणि एक. जोडणीत गळती निघाली आणि मी परत गेलो, तर ते फुकट काम नव्हे, ती माझी चूक. पोरं हल्ली तेही ‘एक्स्ट्रा’त धरतात.

अक्षरखेळ
चुकीची दुरुस्ती आपल्या खिशातून, मान्य. गिऱ्हाइकाचं मन बदललं, ते त्याच्या खिशातून. बेड फिरला तेव्हा वायरिंग चुकलं नव्हतं.

झिरीवाला
काल नव्या साइटवर दारावरच्या बेलची मागणी आली. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं: "बेलचा 1 पॉइंट, 350, चालेल का?" दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. बेल बसवलेली नाही.

सांगलीकर प्लंबर
वास्तुशांतीला पाहुणे दारावर थापा मारतील, आणि नाव तुमचंच निघेल.