वापर थोडा, रिचार्ज मोठा : कमी वापरासाठी स्वस्त प्लॅन कसा शोधलात? अनुभव लिहा

दिवसाला दोन जीबी ज्यांना लागतच नाही, त्यांनी दोन जीबीचे पैसे का भरायचे? घरात वायफाय आहे, फोन दिवसातून पाच-सहा वेळा वाजतो, व्हॉट्सअ‍ॅप घरी बसूनच बघितलं जातं. तरी दुकानदाराला "रिचार्ज कर रे" म्हटलं की तो साडेतीनशेचा, अठ्ठावीस दिवसांचा मारून देतो. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआय तिघांनीही दर वाढवले, तेव्हापासून हे फारच टोचायला लागलं आहे. ज्येष्ठांना, घरकाम करणाऱ्या बायकांना, पेठांत राहून अभ्यास करणाऱ्या मुलांना तर जास्तच.

म्हणून पुणेकरांसाठी हा धागा. नावाऐवजी आपला भाग लिहा. कोणता प्लॅन घेतलात, कसा सापडला, काय सोडावं लागलं, ते नेमकं लिहा. किमतीबरोबर मुदत जरूर लिहा, नुसत्या किमतीवरून काही कळत नाही. किमतीला दिवसांनी भागलं की खरं चित्र दिसतं. ३४९ रुपयांत २८ दिवस म्हणजे रोजचे साडेबारा रुपये, ४४८ रुपयांत ८४ दिवस म्हणजे रोजचे ५ रुपये ३३ पैसे. आणि २८ दिवसांचा प्लॅन असेल तर वर्षाला तेरा रिचार्ज धरा, बारा नव्हे.

सुरुवात मी करते. सासूबाईंकडे बटणांचा फोन आहे. इंटरनेट त्यांना नकोच आहे. लेकींचे फोन, डॉक्टरांचा नंबर आणि बँकेचे मेसेज, एवढंच. अशा माणसांसाठी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २३ डिसेंबर २०२४ ला नियमात बदल केला : प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएस असलेलं निदान एक व्हाउचर ठेवलंच पाहिजे, आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. आधी ही मर्यादा ९० दिवसांची होती. देशात अजून सुमारे १५ कोटी लोक साधे फोन वापरतात, असं ट्रायनेच तेव्हा नोंदवलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये प्लॅन आले ते आधी महाग होते. ट्रायने आपण ते तपासणार असल्याचं जाहीर केलं, मग किमती थोड्या उतरल्या. जिओचे ४४८ (८४ दिवस) आणि १७४८ (३३६ दिवस), एअरटेलचे ४६९ (८४ दिवस) आणि १८४९ (३६५ दिवस). व्हीआयचेही जवळपास तसेच, ४७० आणि १८४९. कॉल अमर्याद, डेटा शून्य. सासूबाईंना आम्ही वर्षाचा मारून दिला. आता दर महिन्याला "माझा फोन बंद पडला का गं?" हा घोर त्यांच्या जिवाला नाही. माझ्या मते पैशांपेक्षा हा फायदा मोठा आहे.

कोथरूड

आई-बाबा दोघंही सत्तरीच्या पुढचे, दोघांकडे स्मार्टफोन, घरात वायफाय. ताई, तुम्ही लिहिलेला बिनडेटाचा प्लॅन मीही बघितला होता, पण थेट घेतला नाही. आधी दोघांच्या फोनचा मोबाइल डेटा बंद करून ठेवला आणि म्हटलं, महिनाभर असंच वापरून बघा, अडलं की मला सांगा. आईचं काहीच अडलं नाही. ती बाहेर जाते ती भजनी मंडळात आणि नातीला शाळेतून आणायला, तिथे तिला नेट लागत नाही. बाबांचं मात्र पहिल्याच आठवड्यात मंडईत अडलं. त्यांना भाजीवाल्याला यूपीआयने पैसे द्यायची सवय झालीय, सुट्ट्या पैशांची कटकट त्यांना आता नको वाटते. पीएमपीच्या बसमध्येही तेच.

म्हणून आईला बिनडेटाचा ८४ दिवसांचा आणि बाबांना एअरटेलचा १९९ चा, २८ दिवसांत मिळून २ जीबी. यूपीआयला आणि एखादा पत्ता शोधायला २ जीबी भरपूर होतात. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं फक्त वायफायवर ठेवलं, हे मात्र आवर्जून करा. नाहीतर सकाळच्या सुप्रभात संदेशांतच डेटा संपतो.

दोघांना एकच प्लॅन हवा हा हट्ट सोडला, तेव्हा हिशोब जमला.

सदाशिव पेठ

एमपीएससीचा अभ्यास करतो. अभ्यासिकेत वायफाय, खोलीवर वायफाय. बाहेर म्हणजे मेस आणि टिळक रोडवरची चहाची टपरी. जिओचा १८९ चा प्लॅन आहे, २८ दिवस, एकूण २ जीबी, कॉल अमर्याद, ३०० एसएमएस. अ‍ॅप उघडल्यावर तो समोर दिसत नाही, खाली खाली जाऊन स्वस्त प्लॅनच्या कप्प्यात सापडतो. रोजचे पावणेसात रुपये पडतात.

फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापराचा तक्ता असतो, तो बघूनच ठरवलं. वायफाय सोडून माझा महिन्याचा वापर दीड जीबीच्या आत होता. परीक्षेच्या काळात गावी गेलो की जास्त लागतो, तेव्हा छोटं डेटा व्हाउचर घेतो. पण त्याची मुदत वाचा. मूळ प्लॅन असेपर्यंत चालणारी व्हाउचरं वेगळी आणि एका दिवसात संपणारी वेगळी. किंमत सारखीच छोटी दिसते.

आणखी एक. यूपीआय अ‍ॅपवरून रिचार्ज केला तर वर एक-दोन रुपये सेवाशुल्क लागतं. कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपवर ते लागत नाही. आमच्यासारख्यांना तेही मोजावे लागतात.

धायरी

मी नंबर पोर्ट केला, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली, त्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझ्या ओळखीत अनेक जण पोर्टिंगच्या भीतीपोटी महागडा प्लॅन ओढत बसले आहेत.

आधी रेंज बघितली. आमचं घर उताराला, तळमजल्यावर. आधीच्या कंपनीची रेंज स्वयंपाकघरात यायचीच नाही. नवीन कंपनी ठरवताना जाहिरात बघितली नाही, शेजारच्या तीन घरांतले फोन मागून आणले आणि आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यांवरून कॉल करून बघितले. कंपन्यांना आता आपल्या संकेतस्थळावर रेंजचा नकाशा द्यावा लागतो, तोही बघितला, पण भरवसा शेजाऱ्यांच्या फोनवर ठेवला. नकाशाला आमच्या भिंती दिसत नाहीत.

मग १९०० ला इंग्रजीत PORT, एक जागा सोडून स्वतःचा नंबर, असा एसएमएस. आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. रिचार्ज छोटा असला किंवा प्लॅनमध्ये एसएमएस नसले तरी हा मेसेज जाऊ दिलाच पाहिजे, असा ट्रायचा डिसेंबर २०२१ चा आदेश आहे. हे ठाऊक असू द्या, कारण "मोठा रिचार्ज मारा, मग पोर्ट होईल" असं सांगणारे दुकानदार भेटतात. कोड आणि आधार घेऊन नवीन कंपनीच्या दुकानात गेले. आपल्याच सर्कलमध्ये, म्हणजे दूरसंचारच्या विभागात, असेल तर तीन कामाच्या दिवसांत होतं. पोर्टिंगचं शुल्क ६ रुपये ४६ पैसे.

तीन गोष्टी जपा. जुन्या प्लॅनचे उरलेले दिवस आणि बॅलन्स नवीन कंपनीत येत नाही, म्हणून मुदत संपत आली की मगच पोर्ट करा. आधी पोर्ट केलं असेल तर ९० दिवस व्हायला हवेत. आणि सिम बदलायच्या दिवशी बँकेचं किंवा ओटीपी लागणारं काम काढू नका, मधले काही तास फोन मुका असतो.

स्वयंपाकघरात आता फोन लागतो. खर्च तर जवळजवळ निम्मा झाला.

औंध

पोस्टपेडवाल्यांनी बिलाच्या तळाशी बघा. जाहिरातीतल्या ४४९ वर १८ टक्के जीएसटी लागून हातात ५३० चं बिल येतं. प्रीपेडच्या छापील किमतीत कर धरलेला असतो. नोकरीत असताना कंपनी बिल भरायची तेव्हा ठीक होतं. निवृत्तीनंतर त्याच मोबाइल कंपनीत प्रीपेड करून घेतलं, नंबर तोच राहिला.

हडपसर

माझा अनुभव प्लॅन बदलण्याचा नाही, सिम कमी करण्याचा आहे. घरात चार माणसं आणि सिम सात. दुसरं सिम "असू दे, कधी लागेल" म्हणून प्रत्येक जण जिवंत ठेवत होता. सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं. एका रविवारी सगळे मिळून बसलो आणि कोणता नंबर कुठे जोडलेला आहे ते वहीत लिहिलं. बँक, आधार, पीएफ, गॅस, विमा, मुलांच्या शाळा, सगळं. एकेक करून मुख्य नंबरवर आणलं. सगळं हलवून झालं, मगच जादा सिम सोडली.

हा क्रम उलटा करू नका. बंद झालेला नंबर निदान ९० दिवस कोणाला देत नाहीत, पण त्यानंतर तो दुसऱ्या माणसाकडे जाऊ शकतो, आणि तुमचे बँकेचे मेसेज त्याच्या फोनवर वाजतील.

ज्यांना दुसरा नंबर टिकवायचाच आहे त्यांच्यासाठी : प्रीपेड नंबर ९० दिवस काहीच वापरला नाही तरच बंद करता येतो, आणि तेव्हा खात्यात २० रुपये असतील तर ते कापून ३० दिवस वाढवून दिले जातात. हा ट्रायचा जुना नियम आहे, अजून लागू आहे. पण यात नंबर टिकतो, सेवा चालू राहते असं नाही. ओटीपी येणाऱ्या नंबराला या नियमाच्या भरवशावर सोडू नये.

वडगाव बुद्रुक

आमची शेती पानशेतच्या बाजूला. वडील तिकडेच असतात. त्यांच्यासाठी बीएसएनएलचा ११९८ चा घेतला : वर्षभर, दर महिन्याला ३०० मिनिटं, ३ जीबी आणि ३० एसएमएस. म्हणजे महिना शंभर रुपये. आमच्या शेतावर बीएसएनएलची रेंज बरी येते म्हणून घेतला, तुमच्या गावाचं तुम्ही बघा. घाटात एका वळणावर रेंज असते आणि पुढच्या वळणावर नसते.

३०० मिनिटं म्हणजे रोज दहा मिनिटं. वडील फोन उचलतात जास्त आणि लावतात कमी, त्यामुळे पुरतात. आम्हीच इकडून लावतो, आमचे कॉल अमर्याद आहेत. बोलकं माणूस असेल तर मात्र हा प्लॅन घेऊ नका, मिनिटं संपली की वेगळे पैसे लागतात आणि माणूस बोलणं आवरतं घेतं. म्हाताऱ्या माणसाने दहा रुपयांसाठी बोलणं तोडावं अशी बचत आपल्याला नको.

धागाकर्ती

वडगावकर, शेवटचं वाक्य अगदी पटलं. किमतीबद्दल सगळ्यांना एक सूचना : इथे लिहिलेले आकडे २०२५ मधले आहेत. बीएसएनएल तर किंमत तीच ठेवून मुदत बदलते. ट्रायच्या संकेतस्थळावर सगळ्या कंपन्यांचे दर एकत्र बघता येतात. तिथे सर्कल "महाराष्ट्र" निवडा. मुंबई हे वेगळं सर्कल आहे, पुणं त्यात येत नाही.

बिबवेवाडी

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा अनुभव त्यांच्या परवानगीने लिहिते. पाच घरची कामं करतात. त्यांचा जुना स्मार्टफोन पडून फुटला आणि त्यावर भरलेला २८ दिवसांचा मोठा रिचार्ज वाया जायची वेळ आली. मुलगी म्हणत होती हप्त्यावर नवीन फोन घेऊ. मावशींचा वापर विचारला तर कामाच्या घरांचे फोन, भिशीचा ग्रुप आणि घरी जाताना गाणी.

हजार रुपयांच्या आतला जिओभारतचा बटणांचा फोन घेतला. त्यासाठी १२३ रुपयांचा प्लॅन आहे, २८ दिवस, रोज अर्धा जीबी, कॉल अमर्याद. हा प्लॅन फक्त त्याच फोनवर चालतो आणि त्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही, हे दोन्ही त्यांना आधीच नीट सांगितलं. यूपीआय त्यातही आहे, पण मावशी अजून रोखच घेतात.

मुलगी अकरावीत आहे, कॉलेजच्या सूचना मोबाइलवर येतात, तिला स्मार्टफोन लागतोच. मायलेकींमध्ये एकच मोठा रिचार्ज आता मुलीच्या फोनवर असतो, आणि संध्याकाळी मावशींना कोणाला व्हिडिओ कॉल करायचा असेल तर त्या तिच्याकडून लावून घेतात. गणपतीत गावाकडच्या आरतीचं दर्शन असंच झालं.

कात्रज

बिबवेवाडीच्या ताईंना एक विचारायचं आहे. आमच्या सोसायटीचे रखवालदार काकाही असाच फोन शोधत आहेत, पण त्यांची हजेरी अ‍ॅपवर लागते. असं असेल तर बटणांचा फोन उपयोगाचा नाही ना?

बिबवेवाडी

नाही, त्यांना स्मार्टफोनच हवा. सदाशिव पेठेतल्या मुलाने लिहिलाय तो १८९ चा प्लॅन त्यांना पुरेल, हजेरीला डेटा अगदी थोडा लागतो. फक्त फोनमधल्या बाकीच्या अ‍ॅप्सचा मागून चालणारा डेटा बंद करून द्या. ते काकांना स्वतःहून जमणार नाही, तुम्ही पाच मिनिटं त्यांच्याजवळ बसा.