घरगुती राउटरसाठी वायरलेस कार्ड आणि अँटेना

प्रश्न: एका जुन्या छोट्या संगणकावर लिनक्स बसवून मी राउटर तयार करत आहे. मदरबोर्डवर एम.२ ची ई-की जागा (वायरलेस कार्ड बसवण्याची खाच) रिकामी आहे. तेथे इंटेलचे कार्ड बसवून ५ गिगाहर्ट्झवर ॲक्सेस पॉइंट (इतर उपकरणांना वाय-फाय पुरवणारे केंद्र) चालवता येईल का? अँटेना कोणता घ्यावा?

प्रतिसाद १: इंटेलची कार्डे लॅपटॉपमध्ये उत्तम चालतात, परंतु त्या-त्या देशातील रेडिओ लहरींच्या वापराचे नियम त्यांचे फर्मवेअर (कार्डातील अंगभूत सॉफ्टवेअर) स्वतःच ठरवत असल्याने ५ गिगाहर्ट्झवर ती बहुधा ॲक्सेस पॉइंट सुरू करू देत नाहीत. त्यातही सीएनव्हीआय प्रकारचे (ज्याचे काही काम इंटेलच्या चिपमध्येच होते असे) कार्ड ठरावीक इंटेल प्रोसेसरांखेरीज चालतच नाही. माझ्या मते, ज्यांचा एमटी७६ ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) लिनक्सच्या कर्नेलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे अशी मीडियाटेकची कार्डे आपण आधी पाहावीत.

प्रतिसाद २: सहमत. कार्ड हाती आल्यावर ‘आयडब्ल्यू लिस्ट’ (iw list) ही आज्ञा चालवा. यादीत ‘एपी’ (ॲक्सेस पॉइंट) दिसले म्हणजे काम झाले असे नाही; हव्या त्या चॅनेलपुढे ‘नो आयआर’ असल्यास तेथे प्रसारण सुरू करता येत नाही.

प्रतिसाद ३: अँटेनाविषयी. एम.२ कार्डांवर अँटेनाची वायर लावण्यासाठी सहसा एमएचएफ४ नावाची जोडणी असते. ती जुन्या मिनी पीसीआय कार्डांवरील यू.एफएल जोडणीपेक्षा लहान असल्याने दोन्हींच्या वायरी अदलाबदल करता येत नाहीत. पेटीबाहेरील टोकाला आरपी-एसएमए आणि साधे एसएमए या दोन प्रकारच्या आट्यांच्या जोडण्यांत गल्लत करू नका, कारण आटे जुळूनही मधली पिन जुळत नाही. अँटेना दोन्ही बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) घ्यावा. केवळ डीबीआयचा (अँटेना लहरी एका दिशेला किती एकवटतो याच्या मापाचा) मोठा आकडा पाहून भुलू नये. उभ्या अँटेनाचा आकडा वाढतो तसे प्रसारण आडवे पसरते आणि वरच्या मजल्यावर क्षीण होते.