इमॅटिनिब देऊनही के५६२ पेशींत बीसीआर-एबीएल कमी झाले नाही: या निकालाचा अर्थ कसा लावावा?

प्रश्न (एम.एस्सी. जैवतंत्रज्ञान, नाशिक)

नमस्कार. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेल्या के५६२ आणि एचएल-६० या रक्तकर्करोगाच्या पेशींवर माझा प्रकल्प सुरू आहे. के५६२ पेशींना १ मायक्रोमोलर इमॅटिनिब (कर्करोगावरील औषध) ४ तास देऊन वेस्टर्न ब्लॉट (प्रथिने आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी) केला, तेव्हा बीसीआर-एबीएल या कर्करोगकारक प्रथिनाचा बँड औषध न दिलेल्या पेशींइतकाच ठळक आला. शिवाय पी५३चा (पेशींची अनियंत्रित वाढ रोखणाऱ्या प्रथिनाचा) बँड दोन्ही प्रकारच्या पेशींत उमटलाच नाही. औषध निष्प्रभ ठरले आणि पी५३ची अँटिबॉडी खराब आहे, असे प्रबंधात लिहावे का?

उत्तर १

कृपया तसे लिहू नका. इमॅटिनिब बीसीआर-एबीएल नष्ट करीत नाही. ते या किनेजच्या (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या विकराच्या) एटीपी बसण्याच्या जागी बसून त्याचे काम थांबवते. त्यामुळे ४ तासांनी २१० किलोडाल्टनचा बँड तसाच राहणे अपेक्षितच आहे. औषधाचा परिणाम फॉस्फोरिलेशनमध्ये (फॉस्फेट जोडले जाण्यात) शोधावा लागतो: त्याच लायसेटवर (पेशी फोडून मिळवलेल्या द्रवावर) फॉस्फो-सीआरकेएल आणि फॉस्फो-स्टॅट५ (या किनेजमुळे फॉस्फेट जोडली जाणारी प्रथिने) तपासा, आणि प्रत्येकाची तुलना त्याच प्रथिनाच्या एकूण प्रमाणाशी करा, कारण एकट्या फॉस्फो-बँडवरून प्रथिन घटले की त्याचे फॉस्फोरिलेशन, हे ठरवता येत नाही. एबीएलची अँटिबॉडी वापरली असेल, तर १४५ किलोडाल्टनजवळ सामान्य एबीएलही दिसेल; तो बँड हिशेबात मिसळू देऊ नका.

उत्तर २

पी५३बाबत अँटिबॉडीला दोष देण्याआधी पेशींची जनुकीय पार्श्वभूमी पाहा. एचएल-६०मध्ये या जनुकाचा बहुतांश भाग गळालेला आहे आणि के५६२मध्ये फ्रेमशिफ्टमुळे (जनुकाची वाचनचौकट सरकल्यामुळे) पूर्ण लांबीचे प्रथिन बनतच नाही, म्हणून तुमचा कोरा ब्लॉट बहुधा अगदी खरे सांगत आहे. तरीही पॉझिटिव्ह कंट्रोलशिवाय (पी५३ नक्की दिसेल अशा नमुन्याशिवाय) ते सिद्ध होत नाही. मोल्म-१३ या रक्तकर्करोगाच्या पेशींमध्ये हे जनुक शाबूत आहे. मात्र तेथेही एमडीएम२ हे प्रथिन पी५३ची सतत विल्हेवाट लावते, म्हणून ही विल्हेवाट रोखणारे नटलिन-३ दिलेला नमुना सोबत चालवावा.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एकाच फ्लास्कमधील लायसेट जेलच्या तीन लेनमध्ये (रांगांमध्ये) भरून मी सरासरी काढली आहे आणि ती बीटा-ॲक्टिनच्या (तुलनेसाठी मोजल्या जाणाऱ्या नेहमीच्या प्रथिनाच्या) बँडने भागली आहे. हे चालेल ना?

उत्तर १

नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. त्या तीन लेन तुमच्या पिपेटिंगची अचूकता दाखवतात, पेशींतील फरक नव्हे. निरनिराळ्या पॅसेजच्या (नव्या फ्लास्कमध्ये पुन्हा वाढवलेल्या) पेशींवर, वेगवेगळ्या दिवशी, औषध देण्यापासून सर्व प्रयोग पुन्हा करावा लागेल. ॲक्टिन इतके विपुल असते की नेहमीच्या लोडिंगला त्याचा बँड सहज संपृक्त होतो (आणखी ठळक होऊ शकत नाही) आणि मग लेनमधील खरा फरक त्यात दिसतच नाही. के५६२ आणि एचएल-६० यांच्यात ते समान असेल, असेही गृहीत धरता येत नाही. पाँसो या रंगाने रंगवून मेम्ब्रेनवरील (ब्लॉटच्या पटलावरील) एकूण प्रथिन मोजा, तसेच एका लायसेटच्या क्रमाने पातळ केलेल्या मात्रा चालवून बँडची तीव्रता प्रथिनाच्या प्रमाणात वाढते का, हे आधी पाहा. तोपर्यंत निष्कर्षात ‘४ तासांत एकूण बीसीआर-एबीएलमध्ये घट आढळली नाही’ एवढेच लिहा.