वडिलांना घशाचा कॅन्सर. आम्हा भावंडांना किती धोका? भावाला काय सांगू?

नमस्कार. मी इथे बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. कृपया जाणकारांनी आणि यातून गेलेल्यांनी लिहावं.

अण्णांचा (वय ६३) आवाज दिवाळीपासून बसला होता. आधी अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, घरी ज्येष्ठमध आणि हळद-दूध चालूच होतं. दुर्बिणीने घसा बघेपर्यंत चार महिने गेले. स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला आणि अख्खं स्वरयंत्र काढावं लागलं. आता ते मानेवरच्या छिद्रातून श्वास घेतात आणि माझ्या मुलाच्या जुन्या पाटीवर लिहून बोलतात. चाळीस वर्षं विडी आणि बरीच वर्षं रोजची दारू होती. धाकटे काका ८ वर्षांपूर्वी जिभेच्या कॅन्सरने गेले. ते विडी ओढत नव्हते, पण तंबाखूचा बार कायम दाढेत असे.

म्हणजे सख्खे दोन भाऊ. नातेवाईक आता "तुमच्या घराण्यातच आहे" म्हणतात. धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघतोय, तर आत्या म्हणाली की अण्णांच्या आजाराचं बोलू नका. आई त्या दिवसापासून गप्पच आहे. ती स्वतः लग्नाआधीपासून मिश्री लावते, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

मला खरी काळजी दादाची आहे. वय ३८, दिवसाला सात-आठ माव्याच्या पुड्या, शनिवार-रविवार पिणं. परवा मी हात जोडले तर म्हणाला, "रक्तातच असेल तर सोडून काय उपयोग? व्हायचं ते होणारच." माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो म्हणतो त्यात तथ्य आहे का? मी आणि बहीण कधी तंबाखूच्या वाटेला गेलो नाही, आम्हीही तपासण्या करून घ्यायच्या का? एका लॅबने जनुकीय तपासणीचं पॅकेज सुचवलंय, बरंच महाग आहे. करावं का?

इएनटी_मराठवाडा:
ताई, तुमच्या दादांचा हिशोब नेमका उलटा आहे. अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २००९ साली एक विश्लेषण झालं. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला तोंडाचा-घशाचा कॅन्सर असेल, तर धोका साधारण पावणेदोन पट दिसला. भावंडाला असेल तर थोडा जास्त, आईवडिलांना असेल तर थोडा कमी. पण घरात कॅन्सर, शिवाय तंबाखू आणि दारू दोन्ही, अशांचा धोका यातलं काहीच नसलेल्यांच्या सात पट निघाला. तंबाखूला कधीच हात न लावलेल्यांत मात्र घराण्यामुळे स्पष्ट वाढ दिसली नाही. म्हणजे रक्तात काही असलंच, तर ते तंबाखूच्या जोडीने काम करतं. सोडण्याची गरज तुमच्या दादांना इतरांपेक्षा जास्त आहे.

घराण्यात रक्ताबरोबर सवयीही उतरतात, हेही लक्षात घ्या. ज्या घरात अंगणात विडी ओढली जाते आणि सकाळी मिश्री भाजली जाते, तिथे मुलांना तंबाखू परका वाटतच नाही.

जनुकीय पॅकेज तुमच्या वर्णनावरून मला गरजेचं वाटत नाही. फँकोनी अॅनिमियासारखे काही दुर्मिळ आनुवंशिक आजार असतात, त्यात तरुणपणीच तोंडाचा-घशाचा कॅन्सर होऊ शकतो. तुमच्याकडे अण्णा साठीपुढचे, आणि दोघेही रुग्ण तंबाखूचे, चित्र वेगळं आहे. तेच पैसे दादांच्या व्यसनमुक्तीवर घालवा.

दादा आणि आई, दोघांचं तोंड लवकर तपासून घ्या. पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, तिखट झोंबणं हे बघतात. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्यांची ही तपासणी होते. तुम्हा दोघी बहिणींना त्रास नसेल तर दुर्बिणीची गरज नाही. मात्र तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला आवाज, गिळताना अडकणं, मानेत गाठ, एकाच कानात दुखणं, यातलं काही झालं तर थांबू नका.

कृष्णाकाठची:
माझ्याही वडिलांचं स्वरयंत्र काढलं. आमच्याकडे उपदेशाने काही झालं नाही. भावाला बाबांची नळी साफ करायला बसवलं, रोज. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत सरकारी नंबर आहे, तिथून त्याला फोन येत राहिले. दोनदा पुन्हा सुरू केलं त्याने, तिसऱ्यांदा सुटलं. आणि स्थळाचं म्हणाल तर लपवू नका. कळतंच, आणि मग लपवल्याचंच जास्त लागतं.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टर, "सात पट" वाचून रात्री दादाला फोन केला. बराच वेळ बोलला नाही. मग विचारलं, आता सोडलं तर किती वर्षांनी फरक पडतो?

इएनटी_मराठवाडा:
सिगारेट-विडी सोडणाऱ्यांत तोंड-घशाच्या कॅन्सरचा वाढलेला धोका ५ ते १० वर्षांत निम्म्यावर येतो असं दिसलंय. माव्याचा नेमका आकडा मी देणार नाही, पण दिशा तीच. त्यांचं वय ३८ आहे, हातात वेळ आहे. तोंड पूर्ण उघडतं का, तीन बोटं उभी जातात का, एवढं आजच बघायला सांगा.

धागाकर्ती:
बघितलं. दोनच जातात. सोमवारी घेऊन जातेय, आईलाही.