ऑटो हेडलाइट संध्याकाळी उशिरा लागतात – सेन्सिटिव्हिटी वाढवता येते का?

फुलेवाडीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाडी कॉम्पॅक्ट एसयूव्ही, स्विच कायम ऑटोवर. लाइट सेन्सर डॅशबोर्डवर काचेच्या बुडाशी, मधोमध, काळ्या बोंडासारखा आहे. संध्याकाळी कोल्हापूरहून गगनबावडा रस्त्याने कळे-साळवणकडे जाताना समोरच्या सगळ्या गाड्यांचे लाइट लागलेले असतात, माझे बंदच. येताना तेवढा उशीर होत नाही. आता उसाचा हंगाम सुरू आहे, रस्त्यावर विनारिफ्लेक्टर ट्रॉल्या, त्यामुळे दहा मिनिटांचा उशीरही नको वाटतो.

स्क्रीनच्या मेनूत सेन्सिटिव्हिटीचा पर्याय सापडला नाही. तीन महिन्यांपूर्वी पुढची काच बदलली आहे. एका दुकानात सेन्सरच्या वायरीत रेझिस्टर (विजेला अडथळा करणारा छोटा भाग) टाकून देतो म्हणाले. टाकावा का? की सेन्सरच बदलावा?

शिरोली_वायरिंग

रेझिस्टर अजिबात नको. आताचे बरेच सेन्सर कंट्रोल युनिटशी डिजिटल सिग्नलने बोलतात. मध्ये रेझिस्टर आला की उजेडाचा आकडा बदलत नाही, सिग्नलच बिघडतो आणि फॉल्ट कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाड) बसतो. बऱ्याच गाड्यांत मग ऑटोवर लाइट कायम चालू राहतात, कारण सेन्सर मेला तर उजेड असलेला बरा अशीच ती रचना असते.

सेन्सर बदलायचीही घाई करू नका. आधी एक गोष्ट लक्षात घ्या. सेन्सरवर धूळ, पॉलिशचा थर, समोर ठेवलेला गणपती किंवा अत्तराची बाटली, यातलं काहीही आलं तर लाइट लवकर लागतात, कारण सेन्सरला अंधार वाटतो. तुमचं उलट आहे. म्हणजे सेन्सरला गरजेपेक्षा जास्त उजेड दिसतोय, नाहीतर कंपनीने ठरवलेली पातळीच तुम्हाला खाली वाटतेय.

जाताना उशीर आणि येताना नाही, याचं कारण बहुतेक सरळ आहे. कोल्हापूरहून गगनबावडा पश्चिमेला. संध्याकाळी जाताना मावळता सूर्य थेट बोंडावर येतो, येताना तो पाठीमागे असतो. तेवढा फरक चांगल्या सेन्सरलाही पडतो. पण काच बदलली म्हणताय, तर हे बघा:

बोंडाची कडा डॅशबोर्डशी सगळीकडून सारखी बसली आहे का? काच उतरवता-चढवताना बोंडाला धक्का लागून एका बाजूची क्लिप सुटू शकते. बोंड पुढच्या बाजूला कललं की ते आकाशाऐवजी क्षितिजाकडे बघतं, आणि मावळतीचं ऊन जास्तच धरतं. नखाने चारही बाजूंनी चाचपा. वर आलं असेल तर अंगठ्याने सरळ खाली दाबा, टक्क आवाज येऊन बसलं पाहिजे. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, खालचा सॉकेट नाजूक असतो.

मग भर दुपारी गाडी चालू करून ऑटोवर ठेवा आणि काळं जाड कापड चार घड्या करून बोंडावर दाबून धरा. दोनेक सेकंदांत लाइट लागले तर सेन्सर जिवंत आहे. कापड काढल्यावर लाइट लगेच विझले नाहीत म्हणून घाबरू नका, विझायला मुद्दाम उशीर ठेवलेला असतो. रात्री मोबाइलचा टॉर्च मारून तपासू नका. एलईडीच्या उजेडात इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारी किरणं, उन्हात असतात ती) जवळजवळ नसतं, त्यामुळे काही सेन्सर त्याला दिवस मानतच नाहीत.

करवीर_ओबीडी

मेनूबद्दल. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत 'ऑटो लाइट सेन्सिटिव्हिटी' नावाचा पर्याय थेट सेटिंगमध्ये मिळतो, मॅक्सपासून मिनपर्यंत पाच पायऱ्या. फोक्सवॅगनच्या काही मॉडेलांत लाइट लागण्याची वेळ लवकर, मध्यम, उशिरा अशी निवडता येते. टोयोटाच्या कित्येक गाड्यांत ही पातळी बदलता येते, पण ती शोरूममध्ये डायग्नोस्टिक मशीन लावून बदलून घ्यावी लागते. म्हणून मेनूत दिसलं नाही म्हणजे सोयच नाही असं धरू नका. मॅन्युअलच्या शेवटी 'कस्टमाइझ करता येणाऱ्या गोष्टी' असा तक्ता असेल तर त्यात 'लाइट सेन्सर' शोधा, आणि सर्व्हिसला जाताना त्या पानाचा फोटो दाखवा. सल्लागाराला नुसतं "लाइट उशिरा लागतात" सांगितलं तर तो फॉल्ट कोड बघून "काही नाही" म्हणून गाडी परत देतो.

स्वस्त ब्लूटूथ ओबीडीने (गाडीच्या सॉकेटला लावून मोबाइलवर कोड दाखवणारा स्कॅनर) हे काम होत नाही. तो इंजिनचे कोड वाचतो. इथे बॉडी कंट्रोल मॉड्यूलपर्यंत (लाइट, वायपर वगैरे चालवणारा कॉम्प्युटर) पोचून सेटिंग लिहिणारं साधन लागतं. कोणीही मॉड्यूलला हात लावण्याआधी जुन्या कोडिंगची प्रत काढून घ्यायला सांगा, आणि काम चालू असताना बॅटरीला चार्जर लावलेला असू द्या. मधेच व्होल्टेज पडलं तर भलतंच निस्तरावं लागतं.

फुलेवाडीकर

बोंड काचेकडच्या बाजूला दोनेक मिलिमीटर कललेलं होतं. दाबून बसवलं. कापड ठेवल्यावर लाइट दोन सेकंदांत लागले. जातानाचा उशीर कमी झालाय, पण अजून थोडं लवकर हवं. मॅन्युअलमध्ये तसा तक्ता नाही. बोंडावर काळसर फिल्मचा तुकडा लावतात असं ऐकलंय, त्याने चालेल का?

लक्स_रंकाळा

चालतं, पण मापात. आधी आकडे बघा. युरोपात चालणारा गाड्यांच्या दिव्यांचा नियम, यूएन रेग्युलेशन ४८, असा: बाहेरचा उजेड १००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) खाली गेला की लाइट २ सेकंदांत लागले पाहिजेत, ७००० लक्सच्या वर बंद झाले पाहिजेत, तेही ५ ते ३०० सेकंदांच्या आत, मधल्या पट्ट्यात काय करायचं ते कंपनीने ठरवायचं. लख्ख उन्हात उजेड लाखाच्या आसपास असतो. यावरून लाइट लागतात ती पातळी किती खाली आहे ते कळेल.

५० टक्के उजेड जाऊ देणारा फिल्मचा एक थर लावला की सेन्सरला निम्मा उजेड दिसतो. समजा तुमचे लाइट १००० ला लागत होते, ते आता २००० ला लागतील. संध्याकाळी २००० वरून १००० वर यायला साधारण पाच-दहा मिनिटं लागतात, तेवढंच तुम्ही मिळवलं. दोन थर लावले तर ४०००. पण विझण्याची पातळीही त्याच पटीत वर जाते. आधी ३००० ला विझणारे लाइट दोन थरांनंतर १२००० शिवाय विझणार नाहीत, आणि आषाढातल्या ढगाळ दिवशी ते दिवसभर चालूच राहतील. म्हणून एकच थर.

साधी रंगीत फिल्म इन्फ्रारेड फारसं अडवत नाही, त्यामुळे सेन्सर इन्फ्रारेडही धरत असेल तर परिणाम हिशेबापेक्षा कमी येतो. सिरॅमिक फिल्म इन्फ्रारेडही कापते, तिथे परिणाम जास्त होऊ शकतो.

बोंड मऊ ओल्या कापडाने पुसा, काच पुसायचा स्प्रे नको, त्याचा पातळ थर राहतो. तुकडा बोंडापेक्षा थोडा मोठा गोल कापा आणि कडेला तीन-चार छोट्या चिरा द्या, म्हणजे गोलाईवर सुरकुती पडत नाही. पहिला आठवडा नुसत्या पारदर्शक टेपने कडेला धरून ठेवा, पटलं तरच चिकटवा. फिल्म बोंडावरच लावा. पुढच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे असा नियम आहे, तिथे प्रयोग नको.

एक अडचण येऊ शकते. काही गाड्यांत ऑटो एसीचा ऊन मोजणारा सेन्सर त्याच बोंडात असतो. फिल्म लावल्यावर एसीला ऊन कमी वाटतं आणि दुपारी थंडावा कमी पडतो. स्क्रीनही कधी कधी लवकर रात्रीच्या रंगात जाते. दोन्हीकडे दोन दिवस लक्ष ठेवा.

शिरोली_वायरिंग

हे फक्त डॅशबोर्डच्या बोंडाला लागू. आरशामागे पावसाचा आणि उजेडाचा सेन्सर एकत्र असेल तर फिल्म लावू नका, वायपर भलत्या वेळी फिरतील. त्या गाड्यांत काच बदलल्यावर काच आणि सेन्सरच्या मधला जेल पॅड (पारदर्शक मऊ थर) नवा टाकलाय का ते बाहेरून काचेतून बघा. बुडबुडा दिसला तर परत बसवून घ्या. आणि फास्टॅग आरशामागे लावताना सेन्सरची खिडकी सोडून लावा.

गगनबावडा_घाट

फुलेवाडीकर, तुमचा रस्ता बघून सांगतो. फिल्म लावा, सेटिंग करा, तरी धुक्यात ऑटोवर विसंबू नका. सेन्सर उजेड मोजतो, किती लांबचं दिसतंय ते मोजत नाही. करूळ घाटात सकाळी नऊला पांढरं धुकं असतं तेव्हा सेन्सरच्या लेखी भरपूर उजेड असतो, लाइट लागत नाहीत. पुढे डीआरएल (दिवसा आपोआप पेटणारे दिवे) पेटलेले दिसतात म्हणून आपल्याला लाइट चालू वाटतात, पण बऱ्याच गाड्यांत डीआरएलबरोबर मागचे दिवे लागत नाहीत. मागच्या ट्रकला तुम्ही दिसतच नाही. साळवण सोडलं की पावसाळ्यात स्विच हाताने लो बीमवर न्या, हाय बीम लावू नका, मागचा फॉग लॅम्प असेल तर लावा. खाली आल्यावर तो आठवणीने बंद करा, कोरड्या हवेत तो मागच्याच्या डोळ्यांत जातो.

फुलेवाडीकर

एक थर टेपने धरून लावलाय. एसी ऑटो नाही, त्यामुळे ती अडचण नाही. आठवड्याने दोन्ही दिशांच्या वेळा इथेच लिहितो.