विंडो ८०० बाय ६०० मागितली तरी खालचे चार फूट गायब, आणि तासाभरानं चित्रच बिघडतंय

पुलावरचा_पोरगा (सांगली)
नमस्कार मंडळी, सी मध्ये विन३२ वर (विंडोजची स्वतःची प्रोग्रॅमिंगची फंक्शनं) एक बारकासा प्रोग्रॅम करतोय. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाण्याची जशी फुटांची पट्टी आहे तशीच स्क्रीनवर काढायची, ० ते ६० फूट, ४० ला पिवळी रेघ म्हणजे इशारा आणि ४५ ला लाल म्हणजे धोका. ६० पर्यंत घेतली कारण २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलेलं, ५० ला पट्टी संपवायचं धाडस सांगलीत कोण करणार. पाऊस लागला की आमच्या घरात आजोबांचं दर तासाला "किती झालं रं?" सुरू होतं, त्यांच्यासाठी जुन्या डेस्कटॉपवर हे लावून ठेवायचंय. पातळी मी हातानं टाकतो, कोपऱ्यात घड्याळ आहे म्हणून टायमर लावून दर सेकंदाला सगळं परत काढतो.

१ फूट म्हणजे १० पिक्सेल, म्हणून क्रिएटविंडोला (विंडो बनवणारं फंक्शन) ८०० आणि ६०० दिलं. पण पट्टी खाली ४ वरच संपते, ३-२-१-० दिसतच नाही. कोपरा धरून विंडो मोठी केली तर नवीन भागात पट्टी येते पण जुन्यात मधे ठेवलेलं शीर्षक आहे तिथंच राहतं, मग अर्धं इकडं अर्धं तिकडं. आणि सगळ्यात डोकं खाणारी गोष्ट, तासभर चालू ठेवलं की रेघा गायब व्हायला लागतात, फॉन्ट बदलतो, मग नुसतं पांढरं. बंद करून चालू केलं की परत झकास. रॅम बघितली, काही वाढत नाही. काय करावं कळेना.

घाटाखालचा (सातारा)
पहिलं सोपं आहे. तू ८०० बाय ६०० मागितलंस ते बिल्टअप, आणि चित्र काढतोस कार्पेट एरियात. टायटल बार आणि कडा त्या ६०० मधूनच जातात. विंडोज १० वर स्केलिंग १०० टक्के असेल तर रुंदीतले १६ आणि उंचीतले ३९ पिक्सेल जातात, म्हणजे आत उरले ७८४ बाय ५६१. ३९ पिक्सेल म्हणजे तुझ्या हिशोबानं चार फुटाला थोडं कमी, बरोबर तेवढेच गेलेत बघ. विंडो बनवायच्या आधी ॲडजस्टविंडोरेक्टला ० ० ८०० ६०० चा रेक्ट (लेफ्ट, टॉप, राईट, बॉटम असा चौकोन) आणि तीच स्टाईल दे, मेनू असेल तर तेही सांग, तो बाहेरचं माप काढून देतो.

शीर्षक मागं राहतं त्याचं कारण, विंडो मोठी झाली की विंडोज फक्त नवीन उघडलेला भाग रंगवायला सांगतं, बाकीच्या भागावर तू काढलंस तरी ते कापलं जातं. विंडो क्लासच्या स्टाईलमध्ये सीएस_एचरीड्रॉ आणि सीएस_व्हीरीड्रॉ दोन्ही टाक, मग रुंदी किंवा उंची बदलली की अख्खी विंडो परत रंगवायला सांगतं.

कोडकिडा
२०२५ मध्ये विन३२ कशाला रे भावा, पायथनमध्ये पायगेम घे, दहा ओळीत होतंय.

पुलावरचा_पोरगा
@कोडकिडा त्या डेस्कटॉपवर एकच एक्झी फाईल टाकून विसरायचंय ओ, म्हणून.
@घाटाखालचा दादा शीर्षकाचं जमलं, एक नंबर. पण पट्टीचं अर्धवटच झालं, आता चारऐवजी तीन फूट गायब आहेत. ॲडजस्टविंडोरेक्टनं बॉटम ६०८ दिला तो उंची म्हणून टाकला.

घाटाखालचा (सातारा)
हाहा, इथं सगळेच एकदा पडतात, मी पण पडलोय. टॉप बघितलास का? तो उणे ३१ आला असेल. उंची म्हणजे बॉटम वजा टॉप, ६०८ आणि ३१ मिळून ६३९. रुंदी तशीच राईट वजा लेफ्ट, ८१६.

पण खरं सांगू का, १० पिक्सेल हा आकडाच कोडमधून काढून टाक. डब्ल्यूएम_पेंट (विंडो रंगव असा विंडोजचा निरोप) मध्ये दरवेळी गेटक्लायंटरेक्टला आतलं माप विचार आणि जी उंची येईल तिला ६० नं भाग. मग विंडो कितीही ओढ, शून्य खालीच बसणार. उद्या कुणाच्या १२५ टक्के स्केलिंगच्या लॅपटॉपवर टाकलंस तर अक्षरं धुरकट दिसतील, कारण प्रोग्रॅम डीपीआय (स्क्रीनची पिक्सेलची दाटी) ओळखत नाही असं धरून विंडोज तयार चित्रच ताणतं. तेव्हा मॅनिफेस्टमध्ये (एक्झीसोबतची माहितीची फाईल) पर-मॉनिटर-व्ही२, म्हणजे स्केलिंग मी बघतो, असं लिहावं लागेल, आणि ते लिहिलं की ठोकून ठेवलेले पिक्सेल परत रडवतात.

विश्रामबाग_नाईटशिफ्ट
तासाभराचं मी सांगतो. डब्ल्यूएम_पेंट मध्ये क्रिएटपेन, ब्रश, फॉन्ट करतोयस आणि डिलीटऑब्जेक्ट करत नाहीयेस, पैज लावतो. एका प्रोसेसला जीडीआय ऑब्जेक्ट (हेच पेन, ब्रश, फॉन्ट) १०,००० च मिळतात. सेकंदाला तीन सांडले तर ३,३३३ सेकंद, म्हणजे साधारण ५५ मिनिटं. त्यानंतर क्रिएटपेन गपचूप नल (म्हणजे काहीच नाही) देतो आणि तू तपासत नाहीस. रॅममध्ये हे कळत नाही, टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये हेडरवर राईट क्लिक करून जीडीआय ऑब्जेक्ट्सचा कॉलम लाव, चहा होईपर्यंत आकडा चढताना दिसेल. आणि डिलीट करायच्या आधी सिलेक्टऑब्जेक्टनं जुना पेन परत लाव, डीसीत (ज्याच्यावर चित्र काढतोस तो कागद समज) अडकलेला पेन डिलीट होत नाही. त्यापेक्षा पेन-फॉन्ट सुरुवातीला एकदाच बनव, ते बरं. घड्याळासाठी अख्खी विंडो कशाला, इनव्हॅलिडेटरेक्टला तेवढाच चौकोन दे, लुकलुक पण कमी होईल.

पुलावरचा_पोरगा
पैज जिंकलात राव! कॉलम लावला तर सेकंदाला बरोबर तीननं चढत होता, बघून पोटात गोळा आला. आता सगळं डब्ल्यूएम_क्रिएट (विंडो बनताना येणारा निरोप) मध्ये एकदाच बनवतो, काल रात्रभर चालू ठेवलं, सकाळी आकडा होता तिथंच. शून्यपण दिसतंय. आजोबांना दाखवलं तर म्हणाले ४५ ची रेघ जाड कर, चष्मा नसताना दिसली पाहिजे. पेन ६ पिक्सेलचा केलाय.

विश्रामबाग_नाईटशिफ्ट
६ पण उंचीवरूनच काढ की लेका, परत आकडा ठोकलास.